कॅप्टन व्होल्टाची जीभ

रायझल पोलाकॉफ आईशी आयुष्यात एकदाच खोटं बोलली. पण ते खोटं तिने दोन वर्षं पुरवून पुरवून वापरलं. "मी शाळेच्या पुस्तकांच्या छापखान्यात अक्षरं काढते," असं तिने सांगितलं होतं. त्यातला 'अक्षरं काढते' एवढाच भाग खरा होता.

बाकीचं खरं असं, की मॅनहॅटनमधल्या एका इमारतीच्या सातव्या मजल्यावर, लिओपोल्ड ब्रॅटर यांच्या कंपनीत, ती कॉमिकमधल्या संवादांच्या फुग्यांतली अक्षरं लिहायची. ब्रॅटरसाहेब पूर्वी बायकांच्या टोप्यांचे कॅटलॉग छापत. पुढे टोप्यांची चलती ओसरली आणि अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून हवेत उडणाऱ्या वीरांची सुरू झाली. साहेबांनी वारा ओळखला आणि कॅप्टन व्होल्टा काढला. हा कॅप्टन बोटांतून वीज सोडायचा, आगगाडी एका हाताने थांबवायचा, आणि बोलायचा मात्र रविवारच्या प्रवचनासारखं. कारण त्याचे संवाद लिहिणारा वेंडेल क्रेन हा कनेटिकटच्या एका पाद्र्याचा मुलगा होता. त्याला खरं तर पद्यात नाटकं लिहायची होती.

"हे अधमा! न्यायाचा सूर्य कधीही मावळत नसतो!" असं एक वाक्य लिहून वेंडेल जेवायला जाई, आणि ते वाक्य फुग्यात कोंबताना रायझलच्या नाकी नऊ येत.

चित्रं काढणारा साल इनकांदेला तर रोज कपाळावर हात मारायचा. "मी दोन दोन तास घालवून याचे दंड काढतो," तो म्हणायचा, "आणि हा कनेटिकटवाला त्यावर न्यायाचा सूर्य आणून ठेवतो! दंड दिसतात का कुणाला?"

रायझलचा हात मात्र सरळ. तिचे वडील ब्रुकलिनच्या ब्राउन्सव्हिल वस्तीतल्या दुकानांच्या पाट्या रंगवायचे. ते गेले तेव्हा ती सोळा वर्षांची होती. त्यांचे कुंचले तिने उचलले, आणि कुंचल्याचा टाक कधी झाला ते तिचं तिलाही कळलं नाही. आता ती सत्तावीस वर्षांची होती, लग्न व्हायचं होतं, आणि बेलमाँट अव्हेन्यूजवळच्या तिसऱ्या मजल्यावर आईबरोबर राहत होती.

आई म्हणजे गितल. तिची बाजारात खारवलेल्या काकड्यांची चार पिंपं होती. काकड्या जास्त आंबट की गितलची जीभ, यावर बाजारात दोन तट होते. ती शिव्या कधी देत नसे. शिव्या कुणीही देतं. ती शाप द्यायची. तराजूवर बोट दाबणारा खाटीक, जिन्यात दिवा न लावणारा घरमालक, काकडी दाबून बघून न घेताच जाणारी गिऱ्हाइकं, यांतलं कुणीही समोर आलं की गितल एक हात कमरेवर ठेवी, दुसऱ्या हाताचं बोट वर करी, आणि अगदी गोड आवाजात सुरुवात करी, "देव तुझं भलं करो!" ते ऐकलं की आजूबाजूचे गाडेवाले हातातलं काम टाकून कान टवकारत. हे शाप तिने युरोपातल्या ग्रोद्नो गावी आपल्या आईकडून घेतले होते. आई अजून तिथेच होती. युद्ध सुरू झाल्यापासून तिचं एकच पत्र आलं होतं, तेही तीन ओळींचं.

अशा बाईला 'मी चड्डीवर उडणाऱ्या माणसाच्या पुस्तकात काम करते' असं कोण सांगणार?

१९४०च्या मार्चमध्ये कचेरीत धांदल उडाली. फ्लशिंगच्या मैदानावरची जागतिक जत्रा हिवाळ्यापुरती बंद होती, ती मे महिन्यात पुन्हा उघडणार होती. तिथे विकायला ब्रॅटरसाहेबांनी कॅप्टन व्होल्टाचं खास जाड पुस्तक काढायचं ठरवलं होतं. गोष्ट जत्रेतच घडणारी. डॉक्टर ग्लेशियर नावाचा खलपुरुष सगळी जत्रा गोठवून टाकतो, आइस्क्रीम खाणाऱ्या पोरांसकट, आणि कॅप्टन त्याला जत्रेतल्या सुळक्यासारख्या उंच पांढऱ्या मनोऱ्यावर नेऊन कॉलरला धरून लोंबकळवतो.

शुक्रवारी दुपारी छापखान्याचा माणूस दारात येऊन बसला, आणि तेव्हा लक्षात आलं, की शेवटच्या आठ पानांवरचे तेवीस फुगे रिकामे आहेत. वेंडेल साखरपुड्याला गावी गेला होता. जाताना त्याने टंकलेले कागद टेबलावर ठेवले होते खरे. पण प्रत्येक कागदावर एकच ओळ होती: 'इथे कॅप्टन काहीतरी उदात्त बोलतो.'

"आता?" रायझल म्हणाली.

"आता काय? लिही उदात्त काहीतरी," साल म्हणाला. "तू शिकलेली आहेस."

"उदात्त म्हणजे नक्की कसं?"

"जे कुणी वाचत नाही, तसं. अगं लिही ना, तो माणूस तिकडे घड्याळाकडे बघतोय!"

रायझलने पान पुढे ओढलं. सालने कॅप्टन झकास काढला होता: एका हातात डॉक्टर ग्लेशियरची कॉलर, दुसरा हात वर, त्याचं बोट आभाळाकडे, तोंड उघडं. रायझल त्या बोटाकडे बघतच राहिली. हे बोट तिच्या चांगल्या ओळखीचं होतं. हेच बोट तिने खाटकाच्या नाकासमोर शंभर वेळा पाहिलं होतं.

तिने टाक बुडवला आणि यिडिशमधलं, त्यांच्या ज्यू घरातल्या भाषेतलं, इंग्रजीत आणत लिहिलं: 'देव करो, तुझी दाढ दुखो, आणि दातांचा डॉक्टर तुझा मेहुणा असो!'

सालने वाकून वाचलं. मग तो खुर्चीवर बसला, मग टेबलावर डोकं ठेवून खांदे हलवत राहिला. "पुढचा," एवढंच त्याला म्हणता आलं.

पुढच्या फुग्यात डॉक्टर ग्लेशियरला सोन्याचा पलंग मिळाला, आणि पलंगात एक पिसू. त्याच्या पुढच्यात त्याचं थाटामाटात लग्न लागलं आणि सगळ्या पाहुण्यांनी फक्त बँडची तारीफ केली. चार वाजेपर्यंत तेवीस फुगे भरले. छापखान्याचा माणूस पानं घेऊन गेला. ब्रॅटरसाहेबांनी ती वाचली नाहीत. ते फक्त मुखपृष्ठ बघत, टोप्यांच्या वेळेपासूनची सवय.

रायझलला दोन आठवडे झोप लागली नाही. वेंडेल परत आल्यावर तिने त्याला घाबरत सांगितलं. तो साखरपुड्याच्या आनंदात होता. "हरकत नाही, मिस पोलाकॉफ," तो म्हणाला, "शेवटची पानं कोण वाचतं?"

पोरं वाचतात. पोरं शेवटचीच पानं आधी वाचतात.

जूनमध्ये पत्रं यायला लागली. आधी मूठभर, मग पोतंभर. ओहायोतल्या एका पोराने कळवलं, की दाढेचा शाप मास्तरांना दिल्याबद्दल त्याला कोपऱ्यात उभं केलं, पण मास्तर भिंतीकडे तोंड करून हसत होते. ब्रॅटरसाहेबांनी पत्रं टेबलावर ओतली आणि वेंडेलला मिठी मारली.

"क्रेन! ही भाषा! कुठून आणलीस रे?"

वेंडेलचा चेहरा लाल झाला. त्याने एकदा रायझलकडे पाहिलं, एकदा पत्रांच्या ढिगाकडे. "मी... सामान्य माणसाच्या आवाजाचा शोध घेत होतो," तो म्हणाला.

सालने टेबलाखालून रायझलला लाथ मारली. रायझल गप्प बसली. ती का गप्प बसली ते पुढे तिने सालला सांगितलं: आपलं आहे असं म्हणावं तर तेही खोटंच, ते तर आईचं आहे, आणि आईचं आहे असं म्हणावं तर आईला कळेल.

ब्रॅटरसाहेब आता थांबणार कसले? जुलैतल्या एका बुधवारी जत्रेत 'कॅप्टन व्होल्टा दिवस' असल्याची जाहिरात त्यांनी देऊन टाकली: 'या, आणि खुद्द कॅप्टनच्या तोंडून शाप घ्या!' कॅप्टन व्हायला ऑस्कर लुंडग्रेन नावाचा पहिलवान ठरवला. सव्वासहा फूट उंच, मनाने अगदी मऊ, आणि केस पिवळेधमक. कॅप्टनचे केस काळे. म्हणून ऑस्करच्या डोक्याला बुटाचं पॉलिश चोपडलं. पोशाख होता लोकरीचा.

शाप वेंडेलने लिहिले. रायझलने ते मोठ्या अक्षरांत पुठ्ठ्यांवर काढले, आणि मंचाच्या पडद्याआड बसून एकेक पुठ्ठा ऑस्करला दाखवायचं काम तिच्याकडे आलं.

एक लहान मुलगी मंचावर आली. ऑस्करने डोळे किलकिले करून वाचलं, "हे बालिके! तुझ्या वाट्याला दुर्दैवाचे दिवस येवोत!"

मुलगी भोकाड पसरून रडू लागली. तिच्या आईने तिला उचललं आणि ऑस्करकडे असं पाहिलं की त्याने माफी मागितली. दुसऱ्या शापाला कुणी हसलं नाही. तिसऱ्याला मागची रांग आइस्क्रीमच्या दिशेने पांगू लागली. ब्रॅटरसाहेब रुमालाने मान पुसत होते. ऑस्करच्या कपाळावरून पॉलिशचा पहिला काळा ओघळ खाली आला.

इकडे ब्राउन्सव्हिलमध्ये काय झालं होतं, याची रायझलला गंधवार्ता नव्हती. सोमवारी गितलच्या पिंपाशी शिंपीणबाईंची सात वर्षांची मुलगी आली. गितलने तिला लहान काकडी दिली. मुलगी तोंड वाकडं करून म्हणाली, "देव करो, तुझी दाढ दुखो, आणि दातांचा डॉक्टर तुझा मेहुणा असो!"

गितलच्या हातातला चिमटा पिंपात पडला.

"कुठे ऐकलंस गं हे?"

मुलीने पुस्तक दाखवलं. गितलला इंग्रजी वाचता येत नव्हतं. तिने मुलीला पिंपाच्या झाकणावर बसवलं आणि शेवटची आठही पानं वाचून घेतली, पाच काकड्यांच्या मोबदल्यात. मग एवढंच विचारलं, "हा विजेवाला राहतो कुठे?"

मुलगी म्हणाली, "बुधवारी जत्रेत येणार आहे."

घरी गितलने रायझलला यातलं काही सांगितलं नाही. तिचा ग्रह असा झाला होता, की कुणीतरी लबाड माणूस बाजारात तिच्या मागे उभा राहून सगळं उतरवून घेत होता. शाळेची पुस्तकं काढणाऱ्या गरीब पोरीला त्यात कशाला गुंतवा?

तेव्हा बुधवारी, चौथ्या शापाचा पुठ्ठा वर जात असताना, गर्दीच्या मागून एक आवाज आला आणि पडद्याआडच्या रायझलचं रक्त गोठलं. डॉक्टर ग्लेशियरलाही इतकं नीट गोठवता आलं नसतं.

"सरका, सरका. मला त्या विजेवाल्याशी बोलायचंय."

गितल मंचावर चढली. डोक्यावर सणाची टोपी, हातात पिशवी. ऑस्करने शिकवल्याप्रमाणे छाती फुगवली. "नमस्कार, नागरिक!"

"नागरिक असेल तुझी मावशी," गितल म्हणाली. "ते दाढेचं आणि मेहुण्याचं तुला कुणी सांगितलं?"

ऑस्करने पडद्याकडे पाहिलं. पुठ्ठा खाली गेला होता. "न्यायाने, बाई," तो चाचरत म्हणाला.

"न्यायाला मेहुणा असतो होय रे?"

पांगणारी मागची रांग थांबली.

"बरं, दे बघू मला एक शाप. ऐकू दे तरी."

ऑस्करला सकाळचा एक पाठ होता. "तुझ्या मार्गात... काटे... पसरोत?"

गितलने कपाळाला हात लावला. "अरे, हा शाप झाला? हा तर रस्त्याचा अहवाल झाला! नीट ऐक. शापात आधी द्यायचं असतं. भरभरून द्यायचं. माणूस खूश झाला पाहिजे. मग खालून खुर्ची ओढायची. बघ: देव तुझं भलं करो, तुला रेशमी बूट मिळोत!" ती थांबली. लोक पुढे झुकले. "आणि त्यात एक खडा असो. आणि तो रोज जागा बदलो!"

असा हशा उसळला की शेजारच्या मंडपातले लोक बाहेर येऊन बघू लागले. ऑस्करही हसला, आणि पॉलिशचे दोन ओघळ त्याच्या नाकावर एकत्र आले. गितलने पिशवीतून रुमाल काढला, त्याला खाली वाकायला लावलं, आणि तोंड पुसता पुसता, फक्त त्याला आणि पडद्यालाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हे माझ्या आईचे शब्द आहेत, बाळा. ती ग्रोद्नोला आहे. तिचं पत्र येत नाही. तिला न विचारता कुणी घेतले?"

ऑस्कर मुळातच खोटं बोलण्याच्या कामाचा नव्हता. "बाई, मी कुस्ती खेळतो," तो पुटपुटला. "बाकी जे वर धरतात ते मी वाचतो." आणि त्याची नजर पुन्हा पडद्याकडे गेली.

आता लपण्यात अर्थ नव्हता. रायझल बाहेर आली. बोटं शाईने काळी, हातात चौथ्या शापाचा पुठ्ठा.

गितलने तिच्या काळ्या बोटांकडे पाहिलं.

"शाळेची पुस्तकं?" गितल म्हणाली.

"आई, मी..."

"दोन वर्षं शाळेची पुस्तकं! मी बाजारभर सांगत फिरते, माझी पोर मुलांना भूगोल शिकवते!"

"आई, चुकलं माझं. पानं रिकामी होती, वेळ नव्हता, दुसरं काही सुचलं नाही. तुझंच तेवढं तोंडपाठ होतं."

गितलने शिंपीणबाईंच्या मुलीकडून मागून आणलेलं ते पुस्तक पिशवीतून काढलं, शेवटची पानं उघडली, आणि दाढेच्या फुग्यावर बोट ठेवलं.

"अर्धा लिहिलास," ती म्हणाली.

"काय?"

"आजीचा शाप अर्धाच लिहिलास. एवढं शिकवलं तुला, आणि शेपूट तोडून छापलंस! 'दातांचा डॉक्टर तुझा मेहुणा असो,' आणि पुढे?"

"पुढे... फुग्यात जागा नव्हती, आई."

गितलने तिच्याकडे पाठ फिरवली, लोकांकडे वळली, हात कमरेवर, बोट वर. "देव करो, तुझी दाढ दुखो! आणि दातांचा डॉक्टर तुझा मेहुणा असो! आणि तो त्याच सकाळी तुझ्या बहिणीशी भांडून आलेला असो!"

त्या दिवशी पाच वाजेपर्यंत गितल एका उपड्या खोक्यावर उभी होती. रांग जत्रेतल्या तळ्यापर्यंत गेली होती. पोरं येत, वाकून उभी राहत, शाप घेत आणि आशीर्वाद मिळाल्यासारखी उड्या मारत पुस्तक विकत घ्यायला पळत. ऑस्कर शेजारी बसून काकडी खात होता. दातांच्या एका खऱ्या डॉक्टरने तर सहकुटुंब शाप मागून घेतला. ब्रॅटरसाहेबांनी गितलला दर आठवड्याला यायचा आग्रह धरला.

"शुक्रवारी सूर्य मावळल्यावर शाप नाहीत," गितलने बजावलं. "आणि शनिवारी मुळीच नाही. तो आमचा विश्रांतीचा दिवस. देवाचंही काही आहे."

वेंडेल हे सगळं दूर उभा राहून बघत होता. दुसऱ्या दिवशी तो आपणहून ब्रॅटरसाहेबांच्या खोलीत गेला आणि खरं काय ते सांगून टाकलं. बाहेर आला तेव्हा चेहरा उतरायच्या ऐवजी टवटवीत झाला होता. "मिस पोलाकॉफ," तो म्हणाला, "तो माणूस आता तुमचा. मला तो कधी आवडलाच नाही." पुढे तो कनेटिकटला शाळेत शिकवू लागला. पद्यातलं एक नाटक त्याने मुलांकडून बसवूनही घेतलं. रायझल आणि साल बघायला गेले होते, आणि दोघांनीही ते चांगलं झालं असं सांगितलं.

रायझल फुगे लिहायची ते आता स्वतःचेच. तिचं नाव पुस्तकावर कधी आलं नाही. ब्रॅटरसाहेबांच्या मते कॅप्टन व्होल्टाच्या मागे बाई आहे हे कळलं तर कॅप्टनला संकोच वाटला असता. दर गुरुवारी संध्याकाळी ती नवीन अंक आईला यिडिशमध्ये वाचून दाखवी, आणि गितल काकड्यांत शेपू घालता घालता दुरुस्त्या सुचवी.

"हा चोर ना? मग चोराला पलंगाचा शाप कसला देतेस? तो रात्री घरी असतो कधी? चोराला कुलूप दे. उत्तम कुलूप. आणि ते त्याच्याच दाराला."

असं साडेपाच वर्षं चाललं. त्यात युद्धही संपलं, आणि १९४६च्या मार्चमध्ये ग्रोद्नोहून वाचलेल्या एका शेजाऱ्याचं पत्र पॅलेस्टाइनमार्गे आलं. त्यांच्या गल्लीत कुणी उरलं नव्हतं. आजी, दोन मावश्या, त्यांची मुलं. कुणीही नाही.

गितल दुखवट्याच्या रिवाजाप्रमाणे सात दिवस जमिनीवर बसली. आठव्या दिवशी बाजारात गेली आणि मुकाट्याने काकड्या मोजून देऊ लागली. खाटकाने तराजूवर बोट दाबलं, तिने मांस घेतलं आणि निघून आली. खाटकालाच ते सहन होईना. त्याने दुसऱ्या दिवशी एक हाड फुकट पाठवलं.

कॅप्टन व्होल्टाही त्या काळात फारसा बोलला नाही. रायझलला शंभर शाप पाठ होते, पण लिहायला बसलं की हात चालेना. 'आता बस्स कर,' 'सोड त्याला,' असे दोन दोन शब्दांचे फुगे तिने महिनोन् महिने काढले. सालला दंड दाखवायला भरपूर जागा मिळाली, पण त्यालाही त्यात आनंद नव्हता. पोरांची पत्रं आली: कॅप्टनला बरं नाही का? ब्रॅटरसाहेबांनी ती पत्रं रायझलच्या टेबलावर ठेवली आणि जाताना दार हळूच ओढून घेतलं.

ऑगस्टमध्ये एका दुपारी घरमालकाचा माणूस जिन्यातला कठडा दुरुस्त करायला आला. कठडा होता तसाच ठेवून त्याने नुसता रंग फासला, आणि रंगाच्या ओल्या डब्याला अडखळून गितलच्या दारात हिरवं तळं केलं. वर म्हणाला, "बाई, तुमच्या दारात डबा ठेवायला जागाच नाही."

रायझल स्वयंपाकघरात होती. तिला दार उघडल्याचा आवाज आला. मग आईचा आवाज, थोडा बसलेला, पण गोड.

"देव तुझं भलं करो, बाळा! तुला बारा मजली घर मिळो..."

रायझलने गॅस बंद केला, ओले हात फ्रॉकला पुसले आणि पेन्सिल शोधत धावली.

बारा मजल्यांचा तो शाप ऑक्टोबरच्या अंकात पूर्ण पानभर आला. सालने त्यासाठी कॅप्टनचा एक हात चौकटीबाहेर ढकलला आणि तक्रार केली नाही. कॅप्टन व्होल्टा त्यानंतर पाच वर्षं चालला. तो बंद पडल्यावर रायझलने ब्रुकलिनमधल्या एका शाळेत पाट्या रंगवायला शिकणाऱ्यांना अक्षरं शिकवली, वयाच्या सत्तराव्या वर्षापर्यंत. तिचे विद्यार्थी सांगतात, की बाईंचा हात शेवटपर्यंत सरळ होता. आणि कुणाची ओळ वाकडी गेली की त्या रागावत नसत. फक्त हसून, अगदी मायेने, काहीतरी चांगलं चिंतायला लागत, आणि वर्ग हातातलं काम टाकून ऐकायला थांबे.